जोडणीच्या कपाटाचा तिसरा ड्रॉवर अडकतोय, रंधा मारू का?

खटपट्या | रविवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत ऑनलाईन एक पाच ड्रॉवरचं कपाट मागवलं, घरी आल्यावर स्वतः जोडायचं असतं ते. खोक्यात फळ्या, स्क्रूच्या पुड्या, एक वाकडी ॲलन की आणि एकही अक्षर नसलेलं चित्रांचं पुस्तक. मी आणि चिरंजीव (इयत्ता सातवी) दोघांनी मिळून पाच तासात उभं केलं, हिने मधेमधे फक्त "सुताराला बोलवूया का" एवढंच विचारलं, चार वेळा. शेवटी दोन स्क्रू आणि एक नायलॉनचा पट्टा उरला, पण कपाट दणदणीत उभं होतं म्हणून सोडून दिलं.

सहा-सात महिने लोण्यासारखं चाललं. पाऊस सुरू झाला आणि वरून तिसरा ड्रॉवर शेवटची तीन बोटं आत जाईना. गुडघ्याने ढकलला की जातो, पण मग उघडताना अख्खं कपाट पुढे झुकतं. चौथाही आता कुरकुरतोय. काल वैतागून तिसरा पूर्ण ओढून काढला तर चॅनलमधले (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्टीतले) बारीक छर्रे खळ्ळकन सांडले. रांगत रांगत शोधले, सगळे गॅलरीच्या दाराच्या पट्टीला जाऊन लागले होते. अकरा सापडले. मुळात किती होते देव जाणे.

लाकूड फुगलंय हे उघड आहे. बाजूने जरा रंधा मारला तर चालेल ना? की नुसतं तेल सोडू?

गप्पिष्ट | १०:२०

दोन स्क्रू उरले??? निदान झालं, धागा बंद करा.

पावशेर | १०:२६

@गप्पिष्ट, स्क्रू उरले नाहीत तर मला भीती वाटते. म्हणजे कुठेतरी दोन जास्त ठोकले गेलेत.

नीलमोहर | १०:४१

रंधा अजिबात नको!! आधी तुमचं कपाट कशाचं आहे ते बघा. या किमतीत बहुतेक पार्टिकल बोर्ड असतं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि बारीक चुरा गोंदात दाबून केलेली फळी, वरून पातळ लॅमिनेट. त्यावर रंधा मारलात तर वरचा कागद जाईल, आतला चुरा उघडा पडेल आणि पुढच्या पावसाळ्यात तो खरंच फुगेल. सागवान दमट हवेत फुगतं आणि दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी पूर्वपदावर येतं. पार्टिकल बोर्डात पाणी शिरून ते फुगलं की फुगलं, हेअर ड्रायर मारा नाहीतर उन्हात ठेवा, परत बसत नाही. (आमच्या बुकशेल्फची खालची फळी रोज लादी पुसून पुसून पुरीसारखी झालीये, कडेची पट्टी सुटली होती तिथूनच पाणी गेलं.)

बोट फिरवून बघा, फुगलेली कड हाताला लागते. लागत नसेल तर पावसाला दोष देऊ नका.

ठाणेकर_काका | ११:०५

एवढं काही करायची गरज नाही. डब्ल्यूडी-४० चा एक फवारा दोन्ही चॅनलवर, दोनदा मागेपुढे करा, काम फत्ते. आमच्याकडे दरवाजे, सायकल, शिलाई मशीन, सगळ्याला तेच.

शंकेखोर | ११:१८

काका, माफ करा पण ते मुळात गंजापासून बचावासाठी केलेलं रसायन आहे, १९५३ सालचं, नावातच "वॉटर डिस्प्लेसमेंट" आहे आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. गंजलेला नट सोडवायला झकास. पण ड्रॉवरच्या चॅनलवर त्याचा ओला थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. माझं घर मेन रोडला आहे, मी असंच केलं होतं, चार महिन्यात चॅनलमध्ये काळं लोणचं तयार झालं. शेवटी जुन्या टूथब्रशने खरवडून काढलं. घालायचंच असेल तर चॅनल आधी कोरडं पुसून सिलिकॉन स्प्रे, तोही फडक्यावर घेऊन, तो वाळल्यावर चिकट राहत नाही.

ठाणेकर_काका | ११:३१

आमच्या शिलाई मशीनला तीस वर्षं काही झालं नाही.

शंकेखोर | ११:३३

तीस वर्षं मशीन चालवताय की नुसतं फवारताय? :ड

मी_कोल्हापुरी | ११:५०

साबणाची वडी घासा. नाहीतर मेणबत्ती. आमच्या आज्जीची पद्धत हाय ही, ६०-७० वर्षांचं देवघर आहे त्याचा ड्रॉवर अजून एका बोटाने सरकतोय.

सुताराचा_नातू | दुपारी १२:४०

@मी_कोल्हापुरी, तुमच्या आज्जींचं बरोबर आहे पण ते लाकडावर लाकूड सरकतं तिथे. जुन्या टेबलांना चॅनल नसायचं, ड्रॉवर खाली दोन पट्ट्यांवर चालायचा, तिथे मेणासारखं दुसरं काही नाही. छर्रेवाल्या टेलिस्कोपिक चॅनलला मेण लावलं तर छर्रे फिरायचे थांबतील आणि घासत चालतील.

माझे आजोबा सावंतवाडीला सुतारकाम करायचे. ते म्हणायचे उन्हाळ्यात ड्रॉवर बनवलास तर फट ठेव, पावसाळ्यात बनवलास तर घट्ट ठेव. पण ते फणस नि सागासाठी. खटपट्या, तुमच्या कपाटात लाकडाचा स्वभाव हा विषयच नाही, तिथे सगळा मापाचा खेळ आहे. टेप घ्या आणि एवढं मोजून सांगा:

ड्रॉवर बाहेर काढा. काढायची पद्धत: पूर्ण ओढला की दोन्ही बाजूंना चॅनलवर काळ्या प्लास्टिकच्या जिभल्या दिसतील. एका बाजूची वर उचलायची, दुसऱ्या बाजूची खाली दाबायची, दोन्ही एकदम, मग ड्रॉवर हातात येतो. (तुम्ही जोर लावून उपसला म्हणून छर्रे सांडले.) मग कपाटाची आतली रुंदी पुढे, मधे आणि मागे मोजा. ड्रॉवरची बाहेरची रुंदी मोजा. या प्रकारच्या चॅनलला एका बाजूला अर्धा इंच जागा लागते, १२.७ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही मिळून साधारण २५ ते २६ मिलिमीटर फरक यायला पाहिजे. २४ आला तर ड्रॉवर दाबला जातो, २८ आला तर चॅनल बाहेर ओढलं जाऊन लोंबतं. मागे रुंदी कमी आणि पुढे बरोबर असेल तर नेमका शेवटी शेवटी अडकतो, तुमचा तसाच अडकतोय.

दुसरं, कपाटाचे दोन्ही कर्ण मोजा, डावा वरचा कोपरा ते उजवा खालचा आणि उलट. दोन्ही सारखे हवेत.

नीलमोहर | १२:५२

+१. आणि चॅनलचे स्क्रू बघा. डोकं नीट बसलं नसेल, अर्धा मिलिमीटर जरी वर असेल तरी आतली पट्टी त्याला आपटते. चॅनलवर चकचकीत ओरखडा दिसेल.

झाराबाई | दुपारी १:१५

तुम्ही सगळे टेप घेऊन बसलात पण आत काय आहे ते कोणी विचारलं का? आमच्या किचनच्या ट्रॉलीत झारा आडवा होऊन वर अडकला होता, ट्रॉली धड उघडेना धड मिटेना, तीन बोटांची फट फक्त. रविवार, पाहुणे जेवायला, आणि सगळे डाव-पळ्या आत. नवऱ्याने ट्रॉली तोडायची तयारी केली होती. शेवटी सासूबाईंनी फटीतून स्टीलची फूटपट्टी घालून झारा खाली दाबला आणि म्हणाल्या, "इंजिनिअर आहात ना दोघं?" तेव्हापासून माझं हे नाव.

गप्पिष्ट | १:१९

सासूबाईंना इथे सदस्य करा. टेपवाल्यांपेक्षा त्यांची गरज आहे.

भाषाभिमानी | १:४०

चर्चा छान चालली आहे, पण एक शंका. ड्रॉवरला मराठीत "खण" हा चांगला शब्द असताना आपण ड्रॉवर ड्रॉवर का करतो?

पावशेर | १:४४

कारण "तिसरा खण अडकतोय" म्हटलं की आमच्याकडे चोळीचा खण समजून बायको कपाट उघडायला जाते.

वाडा_चिरेबंद_नाही | २:०५

खण म्हणजे वाड्यात दोन तुळयांमधलं अंतर, पाच खणी वाडा वगैरे. कपाटाचाही खण असतोच, पण तो उघडा कप्पा सुद्धा असू शकतो. ओढायचा असेल तर आमच्याकडे "टेबलाचा खण" असंच म्हणायचे, कपाटाचा म्हणजे फळीवरचा कप्पा. त्यामुळे भाषाभिमानींचं अर्धं बरोबर.

मी_कोल्हापुरी | २:०८

आमच्यात ड्रावर. विषय संपला.

बोस्टनवाली | २:३०

इकडे पहाटेचे पाच वाजलेत, बाळ उठवतं म्हणून वाचतेय. मी अशी कपाटं पाच वेळा जोडलीत आणि तीन वेळा मोडलीत (दर लीजला घर बदला). अनुभव असा की एकदा खोलून परत जोडलं की कॅमची (फळ्या एकमेकींना अडकवणाऱ्या लॉकची) ती गोल चकती धरते पण ज्या भोकात तिचा खिळा जातो ते भोक सैल होतं, मग सगळं कपाट डुलतं. सैल भोकात लाकडी गोंद आणि काडेपेटीच्या दोन काड्या घालून वाळू द्या आणि मग स्क्रू, हे साध्या चॅनलच्या स्क्रूला चालतं. जास्त वजनाच्या जागी भोक मोठं करून त्यात गोल लाकडी गुल्ली गोंदाने बसवायची आणि तिच्यात नवीन बारीक भोक पाडून स्क्रू लावायचा.

पण मला तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य टोचतंय. "उघडताना अख्खं कपाट पुढे झुकतं" आणि "एक नायलॉनचा पट्टा उरला". दादा, तो उरलेला नाही. तो पट्टा आणि बहुतेक ते दोन स्क्रूही कपाट भिंतीला बांधायचे आहेत. इकडे २०१६ मध्ये एका मोठ्या कंपनीने सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलावली होती, लहान मुलांच्या अंगावर पडून मृत्यू झाले होते म्हणून. मुलं ड्रॉवर पायरीसारखे उघडून चढतात. कृपया ड्रॉवरच्या आधी ते करा.

खटपट्या | २:४४

ताई, धन्यवाद. पट्टा पेचकसाच्या डब्यात आहे, आताच पाहिला. मुलगा मोठा आहे पण भाची दोन वर्षांची, येत असते. करतो.

मोजमाप संध्याकाळी टाकतो. सध्या कपाटावर तांदळाचं पोतं आणि हिची शिलाई मशीन आहे.

शंकेखोर | २:५०

कपाटावर तांदळाचं पोतं आहे हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही?

सागवानप्रेमी | ३:३५

मूळ प्रश्न असा आहे की असलं भुशाचं फर्निचर घेताच का. ओळखीच्या सुताराकडून प्लायचं करून घ्या, वीस वर्षं बघायला नको.

नीलमोहर | ३:४८

भाड्याच्या घरात राहणारे, दर दोन वर्षांनी बदली होणारे, यांनी सुतार महिनाभर घरात बसवायचा का? आणि सुताराने केलेले ड्रॉवर अडकत नाहीत हे कोणी सांगितलं? आमच्याकडे प्लायच्या वॉर्डरोबला चॅनल एक वर एक खाली लागलेत, फोन केला तर "गावाला आहे" म्हणतो. गेल्या गणपतीपासून गावालाच आहे.

खटपट्या | सायंकाळी ७:२५

मोजलं. पोतं उतरवलं, मशीन उतरवलं.

आतली रुंदी पुढे ७५१, मधे ७५१, मागे ७५१. ड्रॉवर ७२५. म्हणजे फरक २६, बरोबर ना? कड कुठेही फुगलेली नाही. स्क्रूची डोकी सपाट. पण कर्ण: एक १,२१४ आणि दुसरा १,२२१. सात मिलिमीटर!! आणि मागचा पातळ पुठ्ठा डाव्या बाजूने खिळ्यातून सुटलाय, बोट जातं आत.

मी शपथेवर सांगतो दिवाळीत हे असं नव्हतं.

सुताराचा_नातू | ७:४०

काडेपेटी घ्या. आतला डबा अर्धा सरकवा. आता बाहेरचं वेष्टण समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून चिमटीत हलकेच दाबा आणि डबा आत ढकलून बघा. जाणार नाही. ना डबा फुगला ना वेष्टण लहान झालं, नुसता चौकोन तिरपा झाला. तुमच्या कपाटाचं तेच झालंय. एका बाजूचं चॅनल जरा वर आणि दुसरं खाली, ड्रॉवर दोघांत पिळला जातो.

या कपाटांमध्ये काटकोन धरून ठेवायचं काम तो मागचा ३ मिलिमीटरचा पुठ्ठाच करतो, लोक त्याला धूळ अडवायचा पडदा समजतात. तो खिळ्यातून सुटला की कपाट आपलं मोकळं.

आता प्रश्न, तो सुटला का. सकाळपासून तुमचे छर्रे माझ्या डोक्यात फिरतायत. सगळेच्या सगळे गॅलरीच्या दाराशी कसे गेले? कपाट जिथे आहे तिथे लादीला गॅलरीकडे उतार आहे का? आणि ते पहिल्यापासून तिथेच होतं?

खटपट्या | ७:५२

अरे हो. मे महिन्याच्या शेवटी हलवलं. बेडरूमच्या भिंतीला ओल येते म्हणून पावसाआधी हॉलमध्ये, गॅलरीच्या दाराशेजारी. मी आणि मुलगा, भरलेलंच सरकवलं.

गप्पिष्ट | ७:५३

हे आधी सांगायचं!!

शंकेखोर | ७:५४

भरलेलंच?!

नीलमोहर | ७:५४

तांदळाच्या पोत्यासकट??

खटपट्या | ७:५८

पोतं खाली ठेवलं होतं. बहुतेक.

सुताराचा_नातू | रात्री ८:३०

ठीक. भरलेलं ढकलताना खालचे पाय लादीवर अडले, वरचा भाग पुढे गेला, मागचे खिळे उपसले. नंतर उतारावर वजन ठेवून ते तसंच बसलं. पाऊस त्याच आठवड्यात आला एवढाच त्याचा गुन्हा.

आता करायचं असं. सगळे ड्रॉवर काढा. कपाट चादर घालून पालथं पाडा, पाठ वर. डाव्या बाजूचे आणि खालचे खिळे काढा, वरची ओळ राहू द्या. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना दोघांनी समोरासमोरून दाबा, तिसऱ्याने टेप धरायचा, दोन्ही कर्ण सारखे आले की तसंच धरून पुठ्ठा ठोका. जुन्या भोकांत नको, शेजारी नवीन. शक्य असेल तर बारीक स्क्रू लावा. मग उभं करून जागेवर ठेवा, पण ठेवताना पाणसळ लावा, नसेल तर मोबाईलमधलं चालेल, आणि गॅलरीकडच्या पायांखाली पाचर द्या. चारही पाय टेकले पाहिजेत, एक जरी अधांतरी राहिला तर पुन्हा पीळ पडतो.

ड्रॉवर परत घालताना चॅनलमधली छर्र्यांची पट्टी बोटाने ओढून अगदी पुढे आणा, मग ड्रॉवरची पट्टी सरळ तिच्यात घाला. पट्टी मागे राहिली आणि ड्रॉवर ढकलला की ती चेपते आणि परत अकरा छर्रे गॅलरीत. तिसऱ्याची जोडी तशीही बदलाच. दुकानात जाताना मिटलेल्या चॅनलची लांबी मोजून न्या, ती इंचात मिळतात, १४, १६, १८ अशी. किती किलोचं तेही पॅकिंगवर असतं, ३५ किंवा ४५.

झाराबाई | ८:४१

पाचर म्हणून काय घालायचं? आमच्याकडे सगळ्या टेबलांखाली लग्नपत्रिका आहेत. जाड आणि चकचकीत असतात, घडी मोडत नाही.

पावशेर | ८:४५

कोणाच्या पत्रिकेने कपाट सरळ झालं ते कळवा, मुलांच्या लग्नाला तिकडूनच पत्रिका छापून घेऊ.

नीलमोहर | ८:५८

पत्रिका लादी पुसताना भिजते. प्लास्टिकची पाचर घ्या हार्डवेअरमध्ये, नाहीतर जुन्या चपलेचा रबर कापा.

खटपट्या | पुढचा रविवार, दुपारी १२:३०

अपडेट. तिसरा माणूस म्हणून शेजारच्या काकांना बोलावलं, त्यांनी टेप धरायच्या ऐवजी सल्ले धरले, पण झालं. कर्ण १,२१७ आणि १,२१८. एक मिलिमीटर माफ करा. लादीला खरंच उतार आहे, बेडरूममध्ये गोटी जागची हलत नव्हती, इथे ठेवली की सरळ गॅलरीत. त्या बाजूला चपलेच्या रबराचे दोन दोन थर लागले.

चौथा आपोआप सुटला, हातही लावावा लागला नाही. तिसऱ्याला नवीन चॅनल, आता इतका हलका झालाय की मुलगा नुसता उघडमिट करत बसतो आणि हिचा ओरडा मला बसतो.

तरीही तिसरा शेवटचा अर्धा इंच बाहेरच राहत होता. म्हटलं संपलं, आता काय. मागे हात घातला तर चिरंजीवांचं पहिल्या चाचणीचं गणिताचं पेपर, चार घड्या घालून, ड्रॉवरच्या मागे खोचलेलं. पंचवीसपैकी नऊ.

झाराबाई | १२:३६

मी म्हटलं होतं ना आत काय आहे ते बघा!

मी_कोल्हापुरी | १२:४०

पोरगं हुशार हाय. जागा बरोबर निवडली होती.

बोस्टनवाली | दुपारी १:०२

आणि पट्टा?

खटपट्या | १:१०

ताई, ड्रिल मशीन शेजारच्या काकांचं आहे, ते हातात घेऊनच बसलोय. पण आमच्या सोसायटीत दुपारी एक ते चार ठोकाठोकी बंद. चार वाजता लावतो. तोवर वरचं पोतं खालीच आहे, भाचीला त्यावर बसवलंय.